शरदातली फुले ओटीवर

गौरी-गणपती गेले. चाकरमानी मुंबईला परतले, त्यांच्या पिशव्यांतून आपली तवशी आणि चिबूडही गेले, आणि घर एकाएकी मोठे वाटू लागले. ओटीवर मखर होते तेथे आता भिंतीवर नुसता चौकोन दिसतो. वाशाला माटवीच्या दोऱ्या अजून लोंबत आहेत. पितृपक्ष संपला की घटस्थापना, मग दसरा, नव्याची पुनव, आणि बघता बघता दिवाळी दारात. या महिना-सव्वा महिन्यात येणारे-जाणारे चालूच असतात, आणि घरच्या बाईला मनातून वाटत असते की आपली ओटी जरा सजलेली असावी.

गेल्या दसऱ्याला मी नात्यातल्या एका घरी गेले होते. घर मोठे, सारवलेले खळे, तुळशीपुढे रांगोळी. पण दाराला तोरण प्लॅस्टिकच्या गोंड्यांचे! मी काही बोलले नाही, पण त्या घरच्या वहिनींनी माझी नजर ओळखली. म्हणाल्या, "काय करू काकी? बाजारात फुलांना हात लावू देत नाहीत. आणि ही धुतली की पुढच्या वर्षी पुन्हा होतात." त्यांचे अगदीच चुकले होते असे नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रत्नागिरीच्या बाजारात गोंडे घ्यायला उभे राहिले की कोणाच्याही छातीत धडकी भरते. पण त्यांच्याच परसाकडच्या गडग्यावर मी पाहिले, तर हातभर उंचीचा कुरडू गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी नुसता पेटला होता. नाचणीच्या वरकस तुकड्याच्या कडेला कारळा पिवळा झाला होता. एवढे सगळे दारात, आणि चौकटीला प्लॅस्टिक. तेव्हाच ठरवले, पुढच्या वर्षी पितृपक्षातच आपल्या सदरात याविषयी लिहायचे. सजावट नंतर करू. तयारीला तर पितृपक्षाची आडकाठी नाही ना?

आधी एक गंमत सांगते. विलायतेत आणि अमेरिकेत या दिवसांत घरे सजवतात ती गळत्या पानांनी. तिकडे थंडी सुरू होते, झाडांची पाने तांबडी-पिवळी होऊन गळतात, आणि बायका त्या पानांच्या डहाळ्या, गव्हाच्या ओंब्या, लाल भोपळे असे दारात मांडतात. त्यांचे पाहून आपल्याकडच्या शहरी मासिकांतही तसलीच चित्रे येतात. आपली पानगळ यायची ती शिमग्याच्या सुमाराला. आश्विनात आपल्याकडे गळत काही नाही. उलट सगळे भरत असते. हळवे भात पिवळे पडते, गरवे पोटरीत असते, ऊन असे पडते की पावसाळ्यात भिजलेली लाकडे चार दिवसांत वाजायला लागतात. पण ओंब्या आणि भोपळा घरात मांडायचा, म्हणजे पिकलेले शेत दारात आणायचे, ही मूळची बुद्धी त्यांची आणि आपली एकच. आपण तर त्यासाठी सण केला आहे. नवे बांधतो ते दुसरे काय?

नव्याकडे पुढे येईनच. आधी फुलांचे पाहू.

आपल्या भागात फुले कुठली कुठली आणि कुठून आणायची, हे मी जागांवरून सांगते, कारण आपण फुले नावांनी ओळखतो त्याहून जागांनी जास्त ओळखतो. गडग्यावर आणि बांधावर तेरडा आणि कुरडू. पऱ्याच्या काठाला शेरवड. तीच ती, नारिंगी बारीक फूल आणि त्याच्याशेजारी पांढरेशुभ्र पान. वरकस जमिनीत कारळा. परसात जास्वंद, तगर, गोकर्ण, अबोली, प्राजक्त. सड्यावर तर विचारूच नका; भाद्रपदात कातळावर निळे, जांभळे, पांढरे गालिचे असतात. आणि घाटाकडे, आंबा घाट चढताना, सोनकीने डोंगर पिवळे होतात.

यातली सड्यावरची फुले मात्र सड्यावरच राहू द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती दिसतात सुंदर, म्हणून पोरे ओंजळ भरून तोडतात. खाली वाडीत येईपर्यंत त्यांचा चोथा झालेला असतो. सीतेची आसवे म्हणतात ते निळे-जांभळे फूल घ्या. कातळावर मातीचा थर बोटभर, त्यात सत्त्व नाही, म्हणून ही वनस्पती मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून त्यांवर जगते. एवढ्या खटाटोपाने आलेले फूल आपण तोडावे आणि अर्ध्या तासात टाकून द्यावे, यात काही अर्थ नाही. ही झाडे वर्षाची असतात. फूल गेले की बी गेले, बी गेले की पुढच्या वर्षी तेवढा कातळ उघडा. आपण सड्याला 'पड' म्हणतो खरे, पण याच सड्यांवरच्या कातळशिल्पांचे नाव २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले आहे. मुलांना फुले दाखवायची तर एका रविवारी सड्यावर घेऊन जावे. हात मागे बांधून.

तेरड्याचे तसे नाही. तो गौरीसाठी उपटून आणला तरी पुन्हा येतो, कारण त्याच्या बोंडाला बोट लागले की ते फुटून बी चारी दिशांना उडते. "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण खोटी नाही, पण फुले एकेक खुडून पाण्यात सोडण्यापेक्षा कळ्यांसकट अख्खी डहाळी पाण्यात ठेवली तर खालची फुले गळतात आणि वरच्या कळ्या उमलत राहतात. गौरीनंतर जो तेरडा बांधावर शिल्लक आहे तो घटस्थापनेपर्यंत पुरेल.

पण या दिवसांचा खरा राजा म्हणजे कुरडू. आपण त्याला तण म्हणतो आणि ते तण आहेच. कोवळा असताना त्याची भाजी करतो, पुढे त्याच्याकडे कोणी बघत नाही. पण त्याचा तुरा मुळातच कागदासारखा कोरडा असतो, म्हणून तो वाळला तरी आकार सोडत नाही. तुऱ्याचे टोक गुलाबी असतानाच, हातभर दांड्यासकट, सकाळचे दव सुकल्यावर कापावा. पाने काढून टाकावीत. दहा-बारा दांडे सैल बांधून माळ्यावर अंधाऱ्या, वाऱ्याच्या जागी उलटे टांगावेत. आठ-दहा दिवसांत खडखडीत वाळतात आणि तुरे सरळ राहतात. उभे ठेवून वाळवले तर माना टाकतात. उन्हात वाळवले तर रंग उडतो. हे तुरे दिवाळी काय, पुढच्या शिमग्यापर्यंत ओटीवर राहतात, त्यांना पाणी लागत नाही.

कापायला उशीर करू नये, याला आणखी एक कारण आहे. तुरा खालून पांढरा पडू लागला की आत काळे, चकचकीत, मोहरीहून बारीक बी तयार होते आणि ते भसाभस सांडते. ते बी शेतात सांडले की पुढच्या वर्षी नाचणीत खुरपायला आपल्यालाच बसावे लागते. म्हणजे वेळेवर कापलेला कुरडू ओटीचीही शोभा आणि बेणणीचेही काम. बी धरलेले तुरे घरात आणलेच तर खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे, आणि सांडलेले बी चुलीत टाकावे, शेणकईत नको.

आता मांडायचे कशात? फुलदाणी विकत घ्यायची काही गरज नाही. तांब्याचा जुना, पोचा आलेला तांब्या सर्वांत चांगला. तांब्यात पाणी लवकर नासत नाही हे आपल्याला ठाऊकच आहे. मातीचे लहान मडके, बांबूचे एका बाजूने गाठ असलेले नळकांडे, मोठी करवंटी, फुटक्या बरणीचा खालचा भाग, काहीही चालते. मडके झिरपते म्हणून खाली ताटली ठेवावी, नाही तर सारवलेल्या ओटीवर डाग पडतो.

फुले उभी राहत नाहीत, सगळी एका बाजूला कलतात, ही नेहमीची तक्रार. शहरात त्यासाठी खिळ्यांची पितळी चकती मिळते. आपल्याकडे नारळाची सोडणे आहेत! ओल्या सोडणाचे दोन-तीन तुकडे भांड्यात घट्ट बसवावेत आणि त्यांत काड्या खोचाव्यात. सोडण पाणीही धरते. सुक्या तुऱ्यांसाठी भांड्यात नुसती वाळू भरली तरी पुरे. भांडे जड होते, वाऱ्याने पडत नाही.

मांडण्याची रीत म्हणाल तर फार शास्त्र नाही. जपानात फुले मांडण्याची एक जुनी विद्या आहे, तिला इकेबाना म्हणतात. तिच्यात तीन मुख्य काड्या असतात: एक उंच, एक मधली, एक आखूड. आकाश, माणूस आणि जमीन, असा त्यांचा अर्थ लावतात. आपल्याला एवढेच घ्यायचे की सगळी फुले एका उंचीची कापून झाडूसारखी बांधू नयेत. सर्वांत उंच काडी भांड्याच्या उंचीच्या दीडपट असावी; भाताची लोंबी किंवा कुरडू. मधली तिच्या निम्म्याहून थोडी जास्त. शेरवडीची डहाळी छान दिसते, तिचे पांढरे पान अंधाऱ्या ओटीवरही उठून दिसते. आखूड, भांड्याच्या तोंडाशी, एखादे भरदार फूल. गोंडा, मखमल किंवा तेरड्याची डहाळी. बाकी जागा मोकळी सोडावी. आपला हात आखडत नाही, हीच आपली अडचण. गणपतीला जसे भरगच्च करतो तसे रोजच्या ओटीवर केले की फुले दिसत नाहीत, नुसता भारा दिसतो.

पाण्यातली फुले टिकवायची तर चार गोष्टी सांभाळाव्यात. फुले पहाटे तोडावीत, दुपारी नव्हे. घरी आणल्यावर बादलीत दांडा बुडवून पाण्याखालीच तिरपा छेद द्यावा, म्हणजे दांड्यात हवा शिरून पाण्याची वाट अडत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. तीच आधी कुजतात आणि पाण्याला वास येतो. पाणी रोज बदलावे, आणि बदलताना दांड्याचे टोक बोटाच्या पेरभर पुन्हा कापावे. एवढे केले तर साखर, लिंबू असल्या युक्त्यांची गरज पडत नाही. एक मात्र आहे. ओटीवर पिकत घातलेल्या केळीच्या घडाखाली फुले ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो. आंब्याच्या अढीत एक पिकला की बाकीचे पिकतात ते त्यामुळेच. तोच वायू फुलांना लागला की ती लवकर माना टाकतात.

सगळ्याच फुलांना पाणी लागते असेही नाही. जास्वंद पाण्यात ठेवा नाही तर कोरडी ठेवा, एका दिवसाची सोबतीण. म्हणून ती देवाला वाहावी, किंवा सकाळी खिडकीच्या कठड्यावर चार नुसतीच मांडावीत. अबोली मात्र ओवून ठेवली तर तीन-चार दिवस रंग धरते. प्राजक्त तोडायचा नसतोच. पहाटे झाडाखाली सुपलीभर गोळा करावा आणि पसरट परातीत पाण्यावर सोडावा, देठ वर करून. त्या केशरी देठांची परात ओटीच्या मध्यावर ठेवली की दुसरे काही लागत नाही. दुपारपर्यंत तो मलूल होतो, पण सकाळच्या चहाला आलेल्या पाहुण्याला तो दिसला म्हणजे झाले.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी सांगताना मला अजून जड जाते. पण ती सांगितल्याशिवाय रानातली फुले घरात आणा असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

कळलावी तुम्हाला माहीत आहे. कोणी अग्निशिखा म्हणते, कोणी वाघनखी. पानाचे टोक सापाच्या जिभेसारखे वळलेले, आणि फूल म्हणजे ज्योत. आधी पिवळे, मग केशरी, मग लाल. आपल्याकडे कोणी माटवी म्हणतात, कोणी मंडपी, गोव्यात माटोळी. तिच्यात नारळ, सुपारीची शिपुटे, आंब्याचे टाळ, लाल कवंडळ यांच्याबरोबर कळलावीही बांधायची चाल आहे. आमच्या घरीही होती. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. विसर्जनाच्या संध्याकाळी माटवी सोडली आणि घाईत परसाकडे शेणकईच्या बाजूला टाकली. नारळ-सुपाऱ्या काढून घेतल्या होत्या, वेलीकडे कोण बघतो? आमची वर्षाची पाडी सुटी होती. तिने त्यातले काय खाल्ले ते कोणी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी तिने वैरणीला तोंड लावले नाही. मग हगवण लागली, तीत रक्त दिसू लागले. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी औषध दिले, मग परसात जाऊन चघळलेल्या वेली पाहिल्या आणि मान हलवली. तिसऱ्या दिवशी पहाटे पाडी गेली. तिला माझ्या मुलीने वाटीने दूध पाजून वाढवले होते. मुलगी त्या वर्षी गौरीचे फोटो बघायलाही तयार नव्हती.

तेव्हापासून मी विचारत, वाचत आले ते सांगते. कळलावीच्या सर्व भागांत विष असते. कंदात आणि बियांत सर्वांत जास्त. त्या विषाचे नाव कोल्चिसिन. अगदी कणभर प्रमाणात ते वाताच्या, सांधे सुजण्याच्या आजारावर औषध म्हणून देतात, आणि त्यासाठी तामिळनाडूत या वेलीची शेतीही करतात. पण कणभर कुठे संपतो आणि जास्त कुठे सुरू होतो हे आपल्यासारख्यांना कळण्याजोगे नाही. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. करांदे, कणगर खणताना असा गुळगुळीत, वाकडा, काटक्यासारखा कंद हाती लागला तर तो घरात आणूच नये. पोटात गेल्याची नुसती शंका जरी आली तरी घरगुती उतारे करत वेळ घालवू नये. माणूस असो की गुरू, डॉक्टरकडे न्यावे, आणि खाल्लेल्या वेलीचा तुकडा बरोबर न्यावा.

माटवीत कळलावी नकोच, असे मी म्हणणार नाही. परंपरेचा मान आहे, आणि ते फूल माटवीत नसेल तर काही घरांत म्हाताऱ्या माणसांना चुकल्यासारखे वाटते. पण एकच फूल बांधावे, उंच बांधावे, वेल कंदासकट उपटू नये (ती रानातून कमी होत चालली आहे), हात धुवावेत, आणि उतरवल्यावर खड्डा करून पुरावी. कवंडळाचेही तसेच. लाल चुटूक फळ दिसते, म्हणून मुले हाताळतात. ते खाण्याचे नाही. रोजच्या ओटीवरच्या मांडणीत मात्र, जिथे मुलांचा हात पोहोचतो आणि मांजर उडी मारते, तिथे या दोघांना मी जागा देत नाही. यंदाच्या माटवीचे तुमच्याकडे काय झाले? परसात पडून असेल तर हे वाचून झाल्यावर आधी तिकडे जाऊन या.

आता नवे. दसऱ्याला किंवा नव्याच्या पुनवेला, ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे, भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, वरीची काडी, कुरडूचा तुरा आणि गोंड्याचे फूल आंब्याच्या पानात धरून बांधायचे आणि दाराला, देव्हाऱ्याला, कणगीला, नांगराला, विहिरीच्या रहाटाला लावायचे. आता लोक मोटारसायकलला आणि पंपालाही लावतात. ते मला आवडते. याच नव्याचे लांब तोरण केले तर त्याला बाजारातल्या गोंड्याची बरोबरी नाही.

ते असे. हळव्या भाताच्या लोंब्या दाण्यांचा पाऊण भाग पिवळा झाला की कापाव्यात, खाली वीतभर काडी ठेवून. पूर्ण पिकलेली लोंबी टांगली की दाणे झडतात आणि सकाळी उंबऱ्यावर केरच दिसतो. कोणाकडे लाल कुसाचे जुने भात असेल तर ते चार लोंब्या तरी मिसळावे, रंग खुलतो. लोंब्या दोन दिवस सावलीत उलट्या टांगून मरगळू द्याव्यात, अगदी कडक होऊ देऊ नयेत, म्हणजे काडी वळते, मोडत नाही. मग पाच-पाचची जुडी करून, केळीच्या सोपाची दोरी भिजवून घेऊन तिच्यावर हातभर अंतराने बांधत जावे. दोन जुड्यांमध्ये आंब्याची तीन पाने आणि मध्ये कुरडूचा एक तुरा. गोंडे हवेतच तर फक्त मधोमध आणि दोन टोकांना. तीन पुरे होतात. सगळ्या दोरीला गोंडे ओवायचे तर शंभरावर लागतील, तिथे तीनांत भागते. हेच त्या वहिनींना सांगायचे होते मला.

आपट्याच्या पानांविषयी एवढेच, की सोने द्यायला पान लागते, फांदी नव्हे. दसऱ्याला वाटेवरची आपट्याची झाडे खराट्यासारखी झालेली बघवत नाहीत.

ज्यांना गोंडा घरचाच हवा त्यांनी पुढच्या वर्षाचा हिशेब आताच करावा. हा गोंडा मूळचा मेक्सिकोकडचा, समुद्रावरून आपल्याकडे आला आणि आपल्या देवाचाच झाला. लागवड चुकते ती तारखेमुळे. दसरा तिथीने येतो, झाड दिवसांनी वाढते. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२५ साली २ ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा फरक! "आम्ही नेहमी नारळी पुनवेच्या सुमाराला लावतो" म्हणणाऱ्या शेजारणीचे तिथीमुळे साधारण जमते, पण "पंधरा ऑगस्टला लावतो" म्हणणारीची फुले एका वर्षी दसऱ्याआधी उतरतात आणि दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर उमलतात. म्हणून दिनदर्शिकेवर दसरा बघून मागे मोजावे. रोपे लावल्यापासून तोडणीला जातीप्रमाणे कमीअधिक पण साधारण दोन महिने, आणि त्याआधी रोप तयार व्हायला तीन-चार आठवडे. म्हणजे बी टाकायचे ते दसऱ्याच्या तीन महिने आधी.

तीन महिने आधी म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला फार मोठा भाग जून ते ऑगस्टमध्येच. म्हणून सपाट वाफ्यात रोपे कुजतात. बी पडवीत, गळक्या डब्यांत किंवा करवंट्यांत टाकावे आणि रोपे लावताना उताराची जागा, उंच वरंबे, मुळांशी पाणी न साचणारी माती पाहावी. कलमांच्या बागेत कडेची उन्हाची पट्टी चांगली. रोप लावल्यावर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडावा; जीव तुटतो, पण एका शेंड्याच्या जागी चार फांद्या फुटतात. याच गोंड्याचे मूळ जमिनीतल्या सूत्रकृमींनाही आळा घालते, त्यामुळे वांग्या-मिरच्यांच्या परड्यात त्याची एक ओळ फुकट जात नाही. बी यंदाच्याच गावठी गोंड्याचे धरावे: दसऱ्याच्या तोरणातली भरदार फुले सुकू द्यावीत, पाकळ्या ओढून काढल्या की खाली काळ्या काड्यांसारखे बी असते. बाजारातल्या संकरित फुलाचे बी मात्र धरू नये, पुढची पिढी त्याच्यासारखी निघत नाही. वाडीतल्या पाच-सहा जणींनी मिळून दोन गुंठे लावले आणि दसऱ्याला हातखंब्याच्या तिठ्यावर बसल्या, तर घरचे तोरण होऊन वर चार पैसे उरतात. पण पहिल्याच वर्षी फार मोठा विचार करू नये. एका वर्षी पाऊस लांबला तर सगळे कुजते, हेही मी पाहिले आहे.

तोरणाचे शेवटी काय करायचे, तेवढे सांगून थांबते. भाताच्या लोंब्यांमागे उंदीर येतो, म्हणून तोरण भिंतीला चिकटून न बांधता वाशाला तारेने लोंबते ठेवावे. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न लागले, की ते उतरवून खळ्यातल्या मांडवाच्या मेढीला बांधावे. दोन दिवस चिमण्या लांबूनच बघतात, तिसऱ्या दिवशी एक धीट येते आणि मग त्या रोज येतात. दाणे संपले की उरलेला पेंढा गुरांना घालावा, पण आधी त्यात हात घालून बघावे. कुरडू, आंब्याची पाने, गोंडे सगळे बाजूला काढावे आणि नुसती काडी घालावी. मी अजूनही प्रत्येक जुडी सोडून बघते.